खजुराची शिडी

“पण मामा, एवढ्या उंचावरून पडलेला माणूस मरतोच का?”

हायममामांनी चहाचा पेला दगडावर ठेवला. आधी झाडाच्या शेंड्याकडे बघितलं, मग भूषणकडे.

“कोण पडतंय?”

“कोणी नाही. सहज विचारलं.”

“कालपण सहजच विचारलंस.”

भूषणचा चहा संपला होता, तरी तो रिकामा पेला तोंडाला लावून बसला.

इस्राएलच्या दक्षिणेला, जिथे पाऊस वाट चुकला तरच येतो, तिथल्या एका शेतकरी वसाहतीत हे खजुराचं जुनं बन होतं. हायम चेऊलकर त्या बनाचे माळी, मुकादम आणि राखणदार. सत्तरी ओलांडलेले, काटक, आणि बोलायला तुसडे.

जन्म रेवदंड्याचा. जातीचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. अलिबागकडे या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी ते घाणा जुंपत नसत. मिसरूड फुटायच्या वयात मामा आईबापांबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. मराठी मात्र निघताना होती तशीच राहिली. तिला बदलायला इथे कोणी भेटलंच नाही.

भूषण हडकर मालवणकडचा. शेतीची पदवी घेऊन वर्षभरासाठी शिकाऊ म्हणून आलेला. शेतावर राहायचं, शेतावर राबायचं, आणि जमेल तेवढं शिकून परत जायचं.

निवडीच्या वेळी संगणकाच्या पडद्यावरच्या बाईंनी त्याला विचारलं होतं, “झाडावर चढता येतं का?”

भूषण छाती पुढे काढून म्हणाला होता, “आमचं भंडाऱ्यांचं घर. पिढ्यान्‌पिढ्या माडी काढणारे. माड आमच्या रक्तात आहे.”

बाई खूश झाल्या. नव्या बागांमध्ये माणसाला पिंजऱ्यात घालून वर उचलणारं यंत्र होतं. जुनं बन खडकाळ उतारावर. तिथे यंत्र जाईना. तिथे प्रत्येक झाडाला लोखंडी शिडी ठोकलेली, आणि तिच्यावरून पायांनीच चढायचं. रक्तात माड असलेला मुलगा बाईंनी थेट तिथेच नेमला.

भूषण खोटं बोलला नव्हता. अर्धं बोलला होता.

उरलेलं अर्धं असं, की त्याचा बाप माडावरून पडून मेला. सकाळची वेळ होती. भूषण शाळेचं दप्तर पाठीला लावून माडाखाली उभा होता, आणि बाप वरून त्याला काहीतरी सांगत होता. काय सांगत होता ते त्याला आजही आठवत नाही. आवाज तेवढा आठवतो, पडल्याचा.

त्या दिवसापासून आईने त्याला परसातल्या पेरूवरही चढू दिलं नाही. त्यालाही चढायचं नव्हतं. शेतीची पदवी घेतलेला माणूस झाडाखाली उभा राहून नुसतं सांगतो, असा त्याचा समज होता. थोडक्यात, उंटावरून शेळ्या हाकायचा बेत होता.

आणि सात समुद्र ओलांडून हा बाबा पुन्हा झाडाखालीच येऊन उभा राहिला.

आल्यापासून तो एकदाही चढला नव्हता. एक दिवस पाय मुरगळला. एक दिवस पोटात कळ आली. एक दिवस तर शिडीच वाकडी वाटली. नाचता येईना, अंगण वाकडं. कमरेचा पट्टा मात्र रोज सकाळी न चुकता बांधायचा, आणि त्याचा हूक दिवसभर चमकत राहायचा.

मामा काही बोलत नसत. स्वतः चढत, उतरत, पुढच्या झाडाकडे जात.

पण आता दिवस भरत आले होते. रविवारी सकाळी त्या बाई, रोनित त्यांचं नाव, जातीने बनात येणार होत्या. प्रत्येक शिकाऊ मुलाने एक झाड चढून फुलोरा बांधून दाखवायचा. दाखवेल तो राहील. नाही दाखवणार तो परत जाईल.

परत जायचं म्हणजे मालवणात उतरायचं आणि विचारेल त्याला सांगायचं, की भंडाऱ्याचा मुलगा झाडावर चढता आलं नाही म्हणून हाकलला गेला. हा विचार आला की भूषणला शिडी बरी वाटायची. शिडीकडे बघितलं की मालवण बरं वाटायचं. दोन्हीकडून मरण.

आज शुक्रवार होता.

…

“ऊठ,” मामा म्हणाले. “शब्बाथ लागायच्या आत एक झाड राहिलंय.”

शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो. मग शनिवारी तारे दिसेपर्यंत मामा कामाला हात लावत नसत. बाकीची माणसं दुपारीच घरी गेली होती. बनात हे दोघं आणि एक ट्रॅक्टर, एवढंच काय ते होतं.

सकाळपासून पूर्वेचा गरम वारा सुटला होता. झावळ्या एकमेकींवर घासून खरखरत होत्या.

कडेच्या झाडाखाली मामा थांबले. उंचच उंच झाड. वर नवी पोय फुटली होती. पोय म्हणजे फुलोऱ्याचं म्यान. खजुरात नर झाड वेगळं, मादी वेगळी. नराच्या फुलांच्या काड्या माणसाने वर न्यायच्या, मादीच्या फुलोऱ्यात खोचायच्या आणि दोऱ्याने सैल बांधायच्या, तेव्हा फळ धरतं. असल्या वाऱ्यात फुटलेली पोय रविवारपर्यंत करपून जाणार.

“एका घडासाठी चढायचं, मामा? या वाऱ्यात?”

“मंग? पोय फुटली ती काय वारा बघून फुटली?”

“तुम्ही चढताय?”

“तू चढतोस काय?”

…

“माझा पाय…”

“कुठला?”

भूषणला क्षणभर विचार करावा लागला.

“डावा.”

“परवा उजवा होता.”

मामा हसले नाहीत. काड्यांची पिशवी त्यांनी कमरेला अडकवली, पट्टा आवळला आणि शिडीला हात घातला. मग तोंड वर करून मोठ्याने आरोळी दिली, “चढतोय होऽऽ!”

कोकणात माडावर चढणारा अशी आरोळी देतो. वरून आजूबाजूची परसं दिसतात, कोणी बाईमाणूस न्हात असेल तर तिने सावध व्हावं म्हणून. भूषणचा बापही द्यायचा. मामा रेवदंड्यात लहानपणी ऐकलेली ती आरोळी या वाळवंटातही देत.

“इथे कोण न्हातंय, मामा?” भूषणने एकदा विचारलं होतं.

“कोणी नाय. पण न सांगता वर जायचं नाय,” मामा म्हणाले होते.

मामा चढू लागले. मध्ये मध्ये थांबत आणि वरून विचारत, “हायस काय?”

“आहे,” भूषण खालून म्हणे.

हीच त्यांची रीत. वरच्याने विचारायचं, खालच्याने उत्तर द्यायचं. खालच्या माणसाचं काम तेवढंच.

भूषण वर बघत नव्हता. कोणी झाडावर असलं की तो कधीच वर बघत नसे. तो आपल्या बुटांकडे बघत उभा होता. बुटांवर मुंग्या चढत होत्या. पायऱ्यांचा आवाज वर वर जात होता.

“हायस काय?”

“आहे.”

…

“हायस काय?”

“आहे, मामा.”

मग वारा जोरात आला. झावळ्या फडफडल्या. शिडी खोडावर कुरकुरली.

वारा गेला. भूषण वाट बघत राहिला.

…

वरून काही विचारलं गेलं नाही.

“मामा?”

…

“मामा, आहे मी खाली.”

वरून नुसता एक आवाज येत होता. लोखंडावर लोखंड हलकेच आपटल्याचा. टिंग… टिंग…

भूषणला वर बघायचं नव्हतं. जे दिसेल ते त्याने एकदा बघितलं होतं.

त्याने वर बघितलं.

झावळ्यांच्या जुडीखाली मामा खोडाला मिठी मारून होते. तोंड खोडात खुपसलेलं. कमरेच्या पट्ट्याचा हूक सुटा लोंबकळत होता आणि वाऱ्याने शिडीवर आपटत होता. वर गेल्यावर सगळ्यात आधी हूक लावायचा, ही मामांचीच शिकवण.

“मामा, हूक! हूक लावा आधी!”

…

“मामा!”

बऱ्याच वेळाने आवाज आला. मामांचा वाटणार नाही इतका बारीक.

“हात सुटत नाय, पोरा.”

भूषण ट्रॅक्टरकडे धावला. बनात फोन लागत नसे, म्हणून वसाहतीतून माणसं आणायची, दोर आणायचा, दुसरं काय? चढून बसला. किल्ली फिरवली. ट्रॅक्टर सुरू झाला.

आणि त्याला वाटलं, आपण माणसं घेऊन परत आलो आणि झाडावर कोणी नसलं तर?

त्याने मागे वळून बघितलं. मामा होते. पुन्हा तोंड पुढे केलं, पुन्हा वळून बघितलं. असं वळून वळून बघत ट्रॅक्टर हाकता येत नाही.

सूर्य पश्चिमेच्या डोंगराला टेकायला आला होता. शुक्रवारच्या या वेळेला माणसं अंघोळ करून, कपडे बदलून घरात बसलेली असतात. त्यांना हाका मारायच्या, समजावायचं, आणायचं. तोवर म्हाताऱ्याचे हात टिकतील?

भूषणने ट्रॅक्टर बंद केला.

परत झाडाशी आला. शिडीला हात लावायच्या आधी त्याचा उजवा हात आपोआप खोडाला लागला आणि कपाळाला गेला. बाप असंच करायचा. हे आपण केलं, हेही त्याला कळलं नाही.

“मामा, मी येतोय!”

वरून तीच टिंग टिंग आली.

…

पहिली पायरी सोपी होती. जमिनीवरच असल्यासारखी. दुसरीही.

मग शिडी हलली. शिडी हलली नव्हती, झाडच हललं होतं, आणि त्याच्याबरोबर तोही. जमीन होती तिथे नव्हती, थोडी बाजूला गेली होती. भूषणने डोळे मिटले. मिटल्यावर बाप दिसला, म्हणून उघडले.

तो घाबरला होता. हातांना घाम फुटला होता. लोखंड निसटत होतं. जुन्या झावळ्यांचे छाटलेले बुंधे खोडातून बाहेर आले होते, ते गुडघ्यांना खरवडत होते. आईचा आवाज कानात येत होता, उतर आधी, उतर म्हणते ना.

त्याला रडू आलं. इतका मोठा बाप्यामाणूस होऊन तो शिडीवर हुंदके देऊन रडला. ऐकायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी आता त्याला लाज उरली नव्हती.

टिंग… टिंग…

तो आवाज जवळ येत होता. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून तो त्या आवाजाकडे चढत राहिला.

आणि एका पायरीवर त्याचं डोकं मामांच्या बुटाला लागलं.

“कोण?” मामांनी विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

“मी.”

“आधी तुझा हूक लाव.”

भूषणने लावला. आल्यापासून पहिल्यांदा त्या हुकाला काम मिळालं. मग तो शिडीच्या कडेने आणखी थोडा वर सरकला, मामांचा लोंबकळणारा हूक पकडला आणि पायरीला अडकवला. टिंग टिंग थांबली.

वारा दोघांना सारखाच हलवत होता.

“आता हळूहळू उतरू या, मामा.”

“फुलोरा?”

“राहू दे तो फुलोरा!”

“मंग मी चढलो कशाला?”

“मामा, तुमचे हात सुटत नाहीयेत!”

“माझे नाय. तुझे बघ.”

भूषणने आपल्या हातांकडे बघितलं. दोन्ही हातांनी पायरी इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. पुन्हा एक हात सोडायचा, ही कल्पनाच त्याला करवेना.

“पिशवी माझ्या उजव्या बाजूला हाय,” मामा म्हणाले. डोळे अजून मिटलेले. “शब्बाथ लागेल.”

…

भूषणने एक बोट सोडलं. मग दुसरं. मग देवाचं नाव घेऊन सगळा हात.

पिशवीतून काड्या काढल्या. फुलोरा पांढराशुभ्र होता, भाताच्या लोंब्यांसारखा. त्यात काड्या खोचताना दोन खाली पडल्या. त्या कुठे पडतात ते त्याने बघितलं नाही. दोरा दातात धरला, एका हाताने गुंडाळला. गाठ सैल बसली.

“सैलच पायजे,” मामा म्हणाले.

हे त्यांना न बघता कसं कळलं, हा विचार भूषणला तेव्हा सुचला नाही.

मग उतरणं. भूषण खाली, मामा वर. भूषणने हात वर करून मामांची टाच धरली आणि खालच्या पायरीवर आणून ठेवली.

“हा पाय. ठेवा. आता तो.”

“खाली बघू?”

“नाही! खोडाकडे बघा. मी आहे ना खाली.”

“हायस काय?”

“आहे.”

टाच थरथरत होती. की तिला धरणारा हात थरथरत होता? भूषणला कळेना. कळून घ्यायला सवडही नव्हती. हूक काढायचा, खाली लावायचा. मामांचा काढायचा, लावायचा. हा पाय, आता तो पाय. मध्येच वारा आला की दोघांनी खोडाला चिकटून राहायचं आणि तो जाईपर्यंत श्वास धरायचा.

पाय जमिनीला लागले तेव्हा भूषण खाली बसला. बसला कसला, कोसळला. दोन्ही हातांनी त्याने माती मुठीत धरली. त्याला पुन्हा रडू आलं आणि त्यातच हसूही आलं.

मामा झाडाला पाठ टेकून बसले. कोणी पाणी मागितलं नाही, कोणी दिलं नाही.

…

सूर्य बुडाला.

मामा उठले. कपडे झाडले, टोपी नीट केली आणि वसाहतीच्या वाटेने चालू लागले. ट्रॅक्टर जिथल्या तिथे राहिला. शब्बाथच्या दिवशी मामा वाहनात बसत नसत. भूषण त्यांच्या मागे निघाला.

पूर्वेचे डोंगर अजून तांबूस होते. वारा पडला होता. लांबवर घरांच्या खिडक्यांतून शब्बाथचे दिवे दिसू लागले होते.

मामा चांगले ताठ चालत होते. पाय कुठे अडखळत नव्हता, हात खिशात होते. भूषण त्यांच्या पाठीकडे बघत चालला, आणि त्याच्या मनात एकेक गोष्ट येऊ लागली. वर गेल्याबरोबर हूक लावणारा माणूस आजच कसा विसरला? डोळे मिटलेले असताना गाठ सैल बसल्याचं त्याला कसं कळलं?

आधी त्याला राग आला. मग वाटलं, आपण उगाच संशय घेतोय, म्हातारा माणूस मरता मरता वाचलाय. मग पुन्हा राग आला.

“मामा, एक विचारू?”

“सहज?”

“नाही. भीत भीत.”

“मंग विचार.”

“वर तुमचे हात खरोखर सुटत नव्हते, की मला चढवायला सोंग केलंत?”

मामा चालत राहिले. वाटेत एक दगड होता, तो त्यांनी पायाने बाजूला केला.

…

“तुझा बापूस माडावर चढायचा ना?”

भूषण थबकला. बापाचं त्याने इथे कोणाला सांगितलं नव्हतं. पण भंडाऱ्याच्या घरातला म्हटल्यावर बाप चढणारच, हे रेवदंड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

“चढायचे.”

“घाबरायचा काय?”

“ते? छे! कधीच नाही. वाऱ्यापावसात चढायचे. वर बसून गाणी म्हणायचे.”

“तू वर जाऊन बघितलंस?”

…

भूषण वाटेतच उभा राहिला. त्या सकाळी माडावरून बाप काहीतरी बोलत होता. हसत बोलत होता की हाका मारत होता, हे त्याने इतकी वर्षं स्वतःला विचारलंच नव्हतं. खालून सगळं सारखंच ऐकू येतं.

त्याचे डोळे भरून आले. मामा थोडे पुढे जाऊन थांबले, आणि त्याला हवा तेवढा वेळ त्यांनी दुसरीकडे बघितलं.

“चल,” ते म्हणाले. “जेवायला मामी थांबली असेल.”

दोघं पुन्हा चालू लागले. घरं जवळ आली. कोणाच्या तरी घरातून गाणं ऐकू येत होतं.

“मामा.”

“काय रे?”

“रविवारी बाई येणार.”

“हां.”

“त्या दिवशी तुम्ही कुठे असाल?”

“खाली. बाईंच्या बाजूला.”

भूषणला पुन्हा तीच भीती वाटली. वर जाऊन आला तरी ती गेली नव्हती, जिथे होती तिथेच बसून होती. भूषण दीनवाण्या आवाजात म्हणाला, “मामा, मला नाही जमणार. आज वर तुम्ही होतात. तुम्हाला उतरवायचं होतं म्हणून मी चढलो. रविवारी वर कोणीच नसणार. मग मी चढू कोणासाठी?”

मामांनी फाटक उघडलं. भूषणला आधी आत जाऊ दिलं.

…

“वर जाऊन बघ,” ते म्हणाले. “घाबरलेला एक जण असतोच तिथं.”